स्वयंपाक्याचे वतन : ॲडिंग्टन गावाच्या इतिहासाची प्रस्तावना

इंग्लंडच्या नव्या राजाला मुकुट चढेल त्या दिवशी त्याच्या मुदपाकखान्यात मातीच्या मडक्यात एक कालवण शिजवून द्यायचे, आणि त्या एका सेवेच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावची जमीन राखायची. लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडनच्या हद्दीत ॲडिंग्टन नावाचे जुने गाव आहे. त्या गावच्या जमिनीचा हा करार तेराव्या शतकातल्या सरकारी दप्तरात लिहून ठेवलेला आहे. पदार्थाचे नाव डिलग्राउट. त्यात चरबी घातली तर त्याचे नाव बदलते, हेसुद्धा कारकुनाने टिपले आहे. जमीन किती, कोणाकडे, कोणत्या सेवेबद्दल आणि त्या सेवेचा बारीकसारीक तपशील काय, हे सगळे तिथे आले आहे. हा नेमकेपणा मराठी माणसाला नवा नाही. आपल्या वतनपत्रांत तो पानोपानी भेटतो.

हे पुस्तक त्या ॲडिंग्टनचे आहे. गाव लहान, शेतकऱ्यांचे, आणि त्याच्या नावावर एक किल्ला. किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज, चोरदरवाजा, पाण्याची टाकी असे सगळे उभे राहते. इथे तसे काहीही दिसणार नाही. एक राजाज्ञा आणि एका टेकडीचे नाव, एवढाच त्या किल्ल्याचा ठळक पुरावा मागे उरला आहे. म्हणून या पुस्तकात किल्ल्याच्या वाट्याला थोडीच पाने आली आहेत. बाकीची पाने जमिनीची, ती कसणाऱ्यांची आणि ती धारण करणाऱ्यांची आहेत. गावाचा इतिहास लिहायचा तर तो असाच लिहावा, असे माझे ठाम मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

क्रॉयडनची मराठी माणसाशी ओळख बहुधा कामानिमित्त होते. कोणी व्हिसाच्या कामासाठी लूनर हाउसची पायरी चढलेला असतो, कोणी रोज सकाळी ईस्ट क्रॉयडन स्टेशनवर लंडनची गाडी पकडतो. २०२१ च्या जनगणनेत या बरोची वस्ती सुमारे ३ लाख ९० हजार भरली. लंडनच्या बरोंमध्ये हा आकडा सर्वांत मोठा. उंच इमारती, रहदारी, ट्राम, जगभरातून आलेली माणसे. या गर्दीत राहणाऱ्या आपल्या मुलांना इथल्या प्राथमिक शाळेत परिसराचा इतिहास अभ्यासाला असतो. मुले घरी येऊन विचारतात, आणि आईवडील रायगड-सिंहगडावर तासभर बोलू शकतात, पण आपण राहतो त्या जागेबद्दल त्यांच्याकडे सांगायला फारसे काही नसते. ही उणीव भरून काढावी, तीही मराठीत, ही या लेखनामागची पहिली प्रेरणा. दुसरी प्रेरणा लिहिता लिहिता तयार झाली. या इंग्रज गावाचे कागद वाचताना आपल्याकडच्या गावगाड्याची इतकी आठवण होत राहिली की दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहणे भागच पडले.

आधी जमीन पाहू. क्रॉयडनच्या दक्षिणेला नॉर्थ डाउन्सच्या टेकड्या सुरू होतात. या टेकड्या खडूच्या. पडलेले पाणी खडू पिऊन टाकतो, त्यामुळे उंचावर ओढे-नाले फारसे नाहीत आणि विहीर खोदायची तर खोल जावे लागते. माथ्यावर गारगोट्यांनी भरलेली चिकणमाती, उतारावर पातळ पांढरट माती, आणि खाली दरीत गाव. अशा जमिनीत पिकायचे ते गहू, जव आणि ओट. पण या मातीचा खरा आधार मेंढरांचा. दिवसा मेंढ्या टेकडीच्या गवतावर चरायच्या आणि रात्री त्यांना नांगरटीच्या शेतात आणून कुंपणात बसवायचे, म्हणजे लेंडीखत थेट वावरात पडे. खडूच्या टेकड्यांवरची शेती शेकडो वर्षे याच रीतीवर चालली. आपल्याकडे धनगरांचा वाडा शेतात उतरवून घेतात, त्यामागचा हिशेब हाच. इंग्लंडमध्ये जमीनदाराचा कळप कुळांच्या शेतावर बसायचा की कुळांचा कळप जमीनदाराच्या शेतावर बसवायची सक्ती व्हायची, हा गावागावांतल्या भांडणाचा विषय असे. मेंढीच्या लेंडीवरून झालेल्या भांडणांतून मध्ययुगीन गावाची घडण जितकी कळते तितकी लढाईच्या वर्णनातून कळत नाही.

आता माणसे. विल्यम द कॉंकररने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, साऱ्या देशाची मोजदाद करवली. त्या दप्तराला पुढे डूम्सडे बुक हे नाव पडले. सरे परगण्यातल्या वॉलिंग्टन हंड्रेड या विभागात ॲडिंग्टनची नोंद आहे, आणि राजाकडून जमीन धारण करणाऱ्याचे नाव दिले आहे तेझेलिन, धंदा स्वयंपाकी. राजाच्या स्वयंपाक्याला गाव मिळावे यात नवल नाही. आपल्याकडेही हुजऱ्यापासून हकिमापर्यंत अनेकांना इनामे मिळाली आहेत. डूम्सडेच्या नोंदीत तेझेलिनने अमुक पदार्थ करावा असे मात्र म्हटलेले नाही. पदार्थाची सेवा स्पष्टपणे येते ती पुढच्या काळातल्या कागदांत. मधल्या काळात स्वयंपाक्याची जमीन या आठवणीला कायद्याचे रूप आले असावे. विल्यमच्या राणीच्या राज्याभिषेकात तेझेलिनने हे कालवण रांधले आणि खूश होऊन राजाने त्याला गाव दिले, ही गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. ती गोड आहे आणि ती दंतकथा म्हणूनच वाचावी.

डूम्सडेच्या नोंदीचा साचा ठरलेला आहे: जमीन किती, नांगर किती, कुळे किती, जंगल किती डुकरांना पुरेल, पूर्वी उत्पन्न काय होते आणि आता काय आहे. जंगल डुकरांवर मोजायचे, कारण ओकची फळे खाऊन डुकरे पोसायची हाच जंगलाचा मुख्य उपयोग होता. पण कुळांची नावे त्यात नाहीत. स्वयंपाक्याचे नाव आहे, त्याच्या वावरात राबणाऱ्यांची फक्त संख्या आहे. इथे आपल्या दप्तरांचे मोल कळते. मराठेशाहीतल्या कुळवार कागदांत शेत कसणाऱ्याचे नाव येते, त्याच्या शेताचे नाव येते, किती पीक आले आणि किती सूट दिली तेही येते. ॲडिंग्टनच्या अकराव्या शतकातल्या नांगऱ्याचे नाव आता कुणालाच कळणार नाही. पेशवाईतल्या एखाद्या कुणब्याचे नाव पुण्याच्या दप्तरखान्यात आजही सापडू शकते. आपण हे भाग्य फार स्वस्त समजतो.

सेवेच्या बदल्यात जमीन ही कल्पना समजून घ्यायला मराठी वाचकाला वेगळे शिक्षण लागत नाही. पाटील-कुलकर्ण्यांपासून महार, गुरव, जोशी यांच्यापर्यंत सगळ्यांची वतने आपण ऐकली आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) ज्यांनी वाचले आहे त्यांना त्यातले ताणेबाणेही ठाऊक आहेत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लढाईत घोडेस्वार पुरवण्याच्या अटीवर जमीन मिळे तशी काही खास कामांच्या अटीवरही मिळे. कोणी राजाचे शिकारी कुत्रे सांभाळी, कोणी बहिरी ससाणे, कोणी राज्याभिषेकात एखादी वस्तू हाती देई. ॲडिंग्टनचे वतन या दुसऱ्या जातीचे. मात्र एक मोठा फरक ध्यानात ठेवायला हवा. आपले बलुतेदार गावाची सेवा करीत आणि गावच त्यांना पोशी. ॲडिंग्टनचा वतनदार सेवा करी ती राजाची, आणि त्याला पोशी ते गाव. गावाला त्याच्याकडून काय मिळे, हा प्रश्न कुठल्याही कागदात विचारलेला नाही. महार वतनाने एका समाजावर किती अन्याय लादला, हे आपण विसरू शकत नाही. वतन या शब्दाभोवतीचा जिव्हाळा आणि त्यातली जबरदस्ती या दोन्ही गोष्टी इंग्लंडमध्येही होत्या. तिथे मान होता तो वरच्या धारकाला, आणि जमिनीला जखडलेले कूळ मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडू शकत नव्हते.

किल्ल्याकडे वळू. तेराव्या शतकात ॲडिंग्टनचे वतन रॉबर्ट अग्विलॉन या सरदाराकडे होते. तो राजा तिसऱ्या हेन्रीच्या विश्वासातला माणूस. १२७० मध्ये हेन्रीने त्याला ॲडिंग्टनचे आपले घर मजबूत करण्याची, भिंतींच्या माथ्यावर चर्या बांधण्याची परवानगी दिली. हीच ॲडिंग्टनच्या किल्ल्याची जन्मपत्रिका. या तारखेला अर्थ आहे. त्याआधी काही वर्षे इंग्लंडात यादवी पेटली होती. सायमन द माँफर्टच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सरदारांनी १२६४ मध्ये लुइसच्या लढाईत राजालाच कैद केले, आणि पुढच्याच वर्षी इव्हशॅमला माँफर्ट मारला गेला. अशा धामधुमीनंतर कोणाला चर्यांचे घर बांधू द्यायचे आणि कोणाला नाही, हे राजाने हातात ठेवणे स्वाभाविक होते. परवानगी मिळणे म्हणजे राजाचा विश्वास मिळणे. आजचे अभ्यासक तर म्हणतात की अशा परवान्यांत संरक्षणाइतकाच, किंबहुना जास्तच, मानाचा भाग असे.

सभासद बखर वाचलेल्याला इथे शिवाजी महाराज आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मुलखातल्या देशमुख-देशपांड्यांनी बुरुजांचे वाडे आणि गढ्या बांधल्या होत्या, त्यांच्या जोरावर ते रयतेला नागवीत आणि राजालाही जुमानीत नसत. महाराजांनी त्या गढ्या पाडल्या आणि वतनदारांना रयतेसारखी साधी घरे बांधून राहायला लावले, असे सभासद सांगतो. हेन्रीने परवाना देऊन जे साधले ते महाराजांनी पाडापाडी करून साधले. दोघांनाही एकच गोष्ट कळली होती: गावात उभी राहिलेली तटबंदी परक्या शत्रूपेक्षा गावावरच जास्त वचक ठेवते. मला या दोहोंत महाराजांचा मार्ग रयतेच्या जास्त हिताचा वाटतो, कारण हेन्रीने परवाना देताना ॲडिंग्टनच्या कुळांचे काय होईल याचा विचार केल्याची खूण कुठे दिसत नाही.

अग्विलॉनचे हे घर नेमके कुठे होते? परंपरा कॅसल हिल या टेकडीकडे बोट दाखवते. आज त्या बाजूला न्यू ॲडिंग्टनची वसाहत आहे. कॅसल हिल हे नाव रस्त्याला आणि शाळेला उरले आहे, दगडावर दगड मात्र उरलेला नाही. आपल्याकडच्या शेकडो गढ्यांची गत हीच झाली. पांढऱ्या मातीचा ढिगारा, त्यावर बाभळी, आणि पावसाळ्यात माती नेणारी बैलगाडी. तरी आपल्याकडे गढीची माती डोळ्यांनी दिसते. ॲडिंग्टनला तेही नाही. रॉबर्ट अग्विलॉन १२८६ मध्ये वारला. त्याची मुलगी इझाबेला बार्डॉल्फ घराण्यात दिलेली होती, त्यामुळे जमीन तिकडे गेली आणि बार्डॉल्फ हे नाव जमिनीला चिकटले. त्याच नावाच्या पदार्थाची पंधराव्या शतकातली एक कृती उपलब्ध आहे: बदामाचे दूध, खस्सी कोंबड्याचे मांस, साखर, मसाले आणि अर्धवट उकडून चिरलेली कोंबडी. डिलग्राउट म्हणजे असेच काही असावे, असे मानले जाते.

पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांपासून वतन ली घराण्याकडे आले आणि १७६८ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. गावातल्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांच्या संगमरवरी प्रतिमा आहेत. चर्चचा पूर्वेकडचा भाग बाराव्या शतकाच्या आसपासचा. तिथल्या छोट्या कमानदार खिडक्यांसमोर उभे राहिले की अग्विलॉनही याच उजेडात गुडघे टेकून बसला असेल हे जाणवते. किल्ला गेला, पण त्याच्या काळाचे हे एक बांधकाम अजून नांदते आहे. ली घराण्यातला सर ऑलिफ ली १६१२ मध्ये वारला. त्याचा भाऊ चार्ल्स १६०४ मध्ये दक्षिण अमेरिकेत वियापोको नदीच्या काठी वसाहत करायला गेला आणि तिथेच मेला. त्याच्या मदतीसाठी ऑलिफने पाठवलेले जहाज भरकटून सेंट लुशिया बेटाला लागले, आणि तिथे उतरलेल्यांपैकी बहुतेक मारले गेले. सरेच्या मेंढरांच्या उत्पन्नावर उभे असलेले घराणे समुद्रापलीकडच्या भूमीची स्वप्ने पाहू लागले होते. ज्या वर्षांत हे चालले होते त्याच वर्षांत लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी आपली पहिली जहाजे पूर्वेकडे सोडत होती.

त्याच घराण्यातल्या टॉमस लीने २३ एप्रिल १६६१ रोजी दुसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीत डिलग्राउटचे पात्र राजापुढे ठेवले. राजाने ते स्वीकारले, पण खाल्ले नाही. ही नोंद मला सबंध इतिहासातली फार बोलकी नोंद वाटते. मधल्या शतकांत पदार्थाची चव निघून गेली होती, हक्क मात्र शाबूत होता. राजाने घास घेण्याची गरज उरली नव्हती. पात्र पुढे आले, ते स्वीकारले गेले, आणि जमीन आणखी एका राजवटीपुरती पक्की झाली.

अठराव्या शतकात या गावाने एक अशी गोष्ट केली जी वाचून मराठी वाचक नक्की थबकेल. १७४३ च्या सुमारापासून साधारण दहा वर्षे ॲडिंग्टनचा क्रिकेट संघ इंग्लंडमधल्या सर्वांत बळकट संघांपैकी एक होता. तेव्हा कसोटी सामने नव्हते, काउंटी स्पर्धा नव्हती, मेरिलबोन क्लब स्थापन व्हायला अजून चाळीसेक वर्षे अवकाश होता. मूठभर घरांच्या या गावाने लंडनच्या संघाला आव्हाने दिली, शहरात जाऊन आर्टिलरी ग्राउंडवर सामने खेळले. ‘लाँग टॉम’ या नावाने ओळखला जाणारा टॉम फॉकनर हा त्यांचा नावाजलेला खेळाडू. तो मुष्टियुद्धही खेळे. चेंडू तेव्हा जमिनीवरून सरपटत टाकत आणि बॅट खाली वाकलेली, हॉकीच्या काठीसारखी असे. शेतीच्या गावातली पोरे सुगीच्या आगेमागे एकत्र येऊन देशातल्या उमरावांच्या संघांना झुंजवत होती. माझ्या लेखी ॲडिंग्टनच्या इतिहासातला हा सर्वांत देखणा काळ आहे, आणि त्यात जमीनदारांपेक्षा गावकऱ्यांचा वाटा मोठा आहे. म्हणून पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि ते किल्ल्याच्या प्रकरणाहून मोठे आहे.

१७६८ मध्ये ली घराण्याने गाव विकले. घेणारा बार्लो ट्रेकॉथिक, अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये वाढलेला व्यापारी. अमेरिकन वसाहतींवर लादलेला स्टॅम्प कायदा १७६६ मध्ये रद्द व्हावा म्हणून लंडनच्या व्यापाऱ्यांना त्याने एकत्र आणले होते. १७७० मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला. त्याने रॉबर्ट माइल्न या वास्तुविशारदाकडून गावाबाहेर नवा वाडा बांधायला घेतला आणि तो पुरा होण्याआधीच १७७५ मध्ये वारला. १८०७ मध्ये हा वाडा, जमिनीसकट, कँटरबरीच्या आर्चबिशपांसाठी घेण्यात आला. क्रॉयडन शहरातला आर्चबिशपांचा जुना वाडा सखल, दमट जागी होता आणि तो पंचवीसेक वर्षांपूर्वीच विकलेला होता. पुढची नव्वद वर्षे इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू ॲडिंग्टनचे जमीनदार होते. मॅनर्स-सटन, हौली, समनर, लाँग्ली आणि टेट असे पाच आर्चबिशप याच गावात पुरले आहेत.

यामुळे एक विलक्षण योग जुळून आला. १८२१ मध्ये चौथ्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला तेव्हा मुकुट ठेवणारा आर्चबिशप मॅनर्स-सटन हाच ॲडिंग्टनच्या स्वयंपाक्याच्या वतनाचाही धनी होता. वेस्टमिन्स्टर हॉलमधली राज्याभिषेकाची मेजवानी त्या वर्षी शेवटची झाली. पुढचा राजा चौथा विल्यम याने खर्च वाचवण्यासाठी ती रद्द केली आणि मग ती पुन्हा कधीच झाली नाही. मेजवानीच राहिली नाही, तेव्हा मडक्यालाही जागा उरली नाही.

याच दशकांत ॲडिंग्टन आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये एक धागा तयार झाला. गावापासून काही मैलांवर, क्रॉयडनच्याच ॲडिस्कोम भागात ईस्ट इंडिया कंपनीची लष्करी शाळा होती, १८०९ ते १८६१. कंपनीच्या तोफखान्याचे आणि इंजिनिअर दलांचे अधिकारी तिथे घडत. मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलातला जॉर्ज विंगेट आणि मुलकी खात्यातला हेन्री गोल्डस्मिड यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी मोजणी आणि आकारणी सुरू केली. त्याआधीच्या, प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेल्या आकारणीने रयत टेकीला आली होती, शेते पडीक पडत होती. नव्या पद्धतीत प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, हद्दीला दगड लागले, जमिनीचा मगदूर पाहून तीस वर्षांसाठी आकार ठरला. आज आपण सातबारा हातात धरतो त्याची मुळे इथे आहेत. आणि योग असा की नेमके १८३६ मध्ये इंग्लंडच्या संसदेने टाइथचा, म्हणजे चर्चला द्यायच्या दशमांश उत्पन्नाचा कायदा बदलला. धान्याऐवजी रोकड घ्यायची ठरली, आणि त्यासाठी इंग्लंडच्या हजारो गावांतली शेते एकेक करून नकाशावर आली. मालक कोण, कसणारा कोण, शेताचे नाव काय, नांगरट की कुरण, सगळे. एकीकडे इंदापूरच्या काळ्या रानात साखळी ओढली जात होती, दुसरीकडे सरेच्या पांढऱ्या मातीत. एकीकडचा पैसा कंपनीला, दुसरीकडचा चर्चला. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. तिथल्या इतिहासात गढीला मोठा मान आहे, पण इंदापूरच्या शेतकऱ्याच्या आयुष्यावर विंगेटच्या साखळीने केलेला परिणाम गढीने केलेल्या परिणामापेक्षा खोल गेला.

ॲडिस्कोमची शाळा बंद पडली, इमारत पाडली, आणि त्या जागी रस्ते आले. त्यांची नावे वाचत चालावे: हॅवलॉक, कॅनिंग, एल्गिन, क्लाइड, औट्रम. हा औट्रम म्हणजे १८२५ पासून खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम. धुळे-जळगावकडून आलेले एखादे कुटुंब आज त्या रस्त्याने जात असेल, तर त्याला हे ठाऊक असावे.

आर्चबिशपांनी १८९७ मध्ये ॲडिंग्टन विकले. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या फ्रेडरिक इंग्लिशने ते घेतले आणि नॉर्मन शॉ या नामवंत वास्तुविशारदाकडून वाडा वाढवला. बॉस्टनचा व्यापार, धर्मपीठ, दक्षिण आफ्रिकेचे हिरे: जगात जिथे जिथे इंग्लंडला पैसा मिळत गेला तिथून तो फिरून या एका टेकडीवर आला. पुढे वाड्यात काही काळ रुग्णालय होते, १९५३ पासून चार दशकांहून जास्त काळ चर्च संगीताची शाळा होती, आणि आता तिथे लग्नसमारंभ होतात. भोवतालच्या शिवारात गोल्फची मैदाने झाली.

शेती संपली ती मात्र फार वेगळ्या कारणाने. १९२० च्या दशकात ॲडिंग्टन क्रॉयडनमध्ये आले. १९३५ मध्ये चार्ल्स बूट या बांधकाम व्यावसायिकाच्या फर्स्ट नॅशनल हाउसिंग ट्रस्टने फिशर्स फार्म ही ५६९ एकरांची शेती विकत घेतली. लंडन-क्रॉयडनच्या कोंदट वस्त्यांतल्या कुटुंबांसाठी ४,४०० घरे, दुकाने, चर्च, चित्रपटगृह आणि हिरवळ असलेले बागेचे गाव वसवायचे, असा बेत होता. हजारएक घरे झाली आणि १९३९ चे युद्ध आले. युद्धानंतर क्रॉयडनच्या नगरपालिकेने वसाहत वाढवली, पण पहिल्या आराखड्यातला डौल राहिला नाही. टेकडीच्या माथ्यावर, वाऱ्याच्या तोंडी, शहरापासून दूर. लोकांनी तिला ‘लिटल सायबेरिया’ म्हटले. मे २००० मध्ये ट्राम आली तेव्हा कुठे हे अंतर तुटले. आज न्यू ॲडिंग्टनची वस्ती वीस हजारांच्या घरात आहे. ज्या जमिनीवर अग्विलॉनच्या मेंढ्या बसल्या तिथे आता बसचे थांबे आणि शाळेची मैदाने आहेत.

ॲडिंग्टनच्या इतिहासाची बरीचशी पुस्तके या वळणावर थांबतात. वाडा, आर्चबिशप आणि हिरवेगार जुने गाव एवढ्यावर त्यांचे समाधान होते. मला ते मान्य नाही. १९३५ नंतर आलेली माणसे या गावाच्या इतिहासाचा तितकाच हक्काचा भाग आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे न्हाणीघर आणि परसबाग मिळाली. डूम्सडेतल्या निनावी नांगऱ्यांपासून न्यू ॲडिंग्टनच्या भाडेकरूंपर्यंत जमिनीवर प्रत्यक्ष राहणाऱ्यांची ओळ अखंड आहे. वरचे धनी मात्र बदलत गेले. म्हणून पुस्तकाची शेवटची प्रकरणे त्यांची आहेत, आणि त्यांच्याशेजारी गेल्या काही दशकांत आफ्रिकेतून, कॅरिबियनमधून आणि आपल्या देशातून आलेल्या कुटुंबांचीही.

हे सगळे लिहिता आले याचे श्रेय इंग्लंडमधल्या स्थानिक इतिहासाच्या परंपरेला आहे. डॅनियल लायसन्सने १७९२ मध्ये लंडनच्या आसपासच्या गावांचे वर्णन छापले त्यात ॲडिंग्टन आहे. परगण्यांच्या इतिहासाची मोठी मालिका १८९९ मध्ये सुरू झाली, ती आजही चालू आहे. क्रॉयडनची निसर्ग आणि इतिहास अभ्यासणारी संस्था १८७० पासून काम करते, आणि तिच्या सभासदांत शिक्षक, कारकून, निवृत्त माणसे आहेत. कोणीतरी चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या वह्या उतरवून काढल्या, कोणीतरी शेतांची जुनी नावे गोळा केली. एकेका गावामागे अशी शंभर-दीडशे वर्षांची शांत मेहनत असते.

आपल्याकडे ही मेहनत इतिहासकार राजवाडे यांनी आणि त्यांच्या पिढीने सुरू केली. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद जमवते आहे. पण त्यांनी जमवलेले कागद बहुतेक राजकारणाचे. गावचे कागद अजून घराघरांत आहेत, माळ्यावरच्या पेटीत, देवघराच्या फडताळात, मोडीत लिहिलेले, वाळवीच्या तोंडी. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची गावाकडची घरे आता बंद आहेत किंवा विकायला काढली आहेत. घर विकण्याआधी ती पेटी उघडून पाहा. त्यातले कागद रद्दीत देऊ नका. मोडी वाचणाऱ्या माणसाकडून ते वाचून घ्या, त्यांची छायाचित्रे काढा आणि मूळ कागद मंडळाकडे किंवा जवळच्या एखाद्या इतिहास संस्थेकडे सोपवा. मग आपल्या गावावर चार पाने लिहा, आणि सुरुवात किल्ल्यापासून न करता शेतांच्या नावांपासून करा.